उजवा स्पीकर

आर्मासने दोनशे युरो काढले
ते दातांसाठी बाजूला ठेवलेल्या पाकिटातून.
"लापशीला दात कशाला लागतात," म्हणाला.
ताम्पेरेत तेव्हा उणे अठरा होतं,
आणि मी, खालच्या मजल्यावरची,
माझ्याकडे बर्फावर ढकलायची घसरगाडी आहे
एवढ्याच कारणाने
या व्यवहारात ओढली गेले.

ॲम्प्लिफायर साठ युरोचा.
विकणारी बाई म्हणाली, नवऱ्याचा होता,
आणि 'होता'पाशी जरा अडखळली.
म्हणून आर्मासने घासाघीस केली नाही.
झाकण उघडून फक्त आत हुंगलं,
दूध नासलंय का बघावं तसं.
समोरचा एक दिवा गेलेला.
आवाजाचं बटण फिरवलं
की वाळक्या फांदीवर पाय पडल्याचा आवाज.
नऊ युरोचा फवारा मारला, फांदी गेली.

स्पीकरची जोडी भंगार-दुकानातून, पंचवीसला.
कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन हाती आला.
अठरा युरोत नव्या कडा मागवल्या
आणि दोन रात्री स्वयंपाकाच्या टेबलावर
डिंक लावत बसला, जीभ बाहेर काढून,
शाळेतल्या पोरासारखा.
दाबायला वर वाटाण्याच्या सुपाचे डबे.
त्या गुरुवारी सूप झालं नाही.

तबकडीचं यंत्र चाळीसला. सुई तेवढी नवी.
पंचेचाळीस युरो मोजताना
त्याचा हात खिशात बराच वेळ राहिला.
"सगळं जुनं चालतं," म्हणाला,
"टोचणारं मात्र नवं हवं."

वायर? गवत कापायच्या यंत्राची, दोन तुकडे करून.
स्टँड? सॉनातला मोडका बाक करवतीने कापून.
उन्हाची नाही, पण घामाची, धुराची, बर्चच्या पानांची
तीस वर्षं त्या फळ्यांत मुरलेली.
स्पीकर तापले की अजून वास येतो.

हिशेब लिफाफ्याच्या पाठीवर लिहिला: एकशे सत्त्याण्णव.
उरलेल्या तीन युरोंचा वेलदोड्याचा पाव आणला,
मला गाडीचं भाडं म्हणून.

मग सुतळीने त्रिकोण मोजला,
दोन टोकांना स्पीकर, तिसऱ्यावर सोफा,
आणि नाचाच्या हॉलमधली एक जुनी तबकडी लावली.
अकॉर्डियन आलं, व्हायोलिन आलं,
पण सगळं एका बाजूने,
जणू अख्खा वाद्यवृंद उजव्या भिंतीला खेटून उभा.
"डावा बंद आहे," मी म्हटलं.
"नाही. मीच कमी केलाय."

कागद गिरणीत एक्केचाळीस वर्षं,
यंत्र नेहमी उजव्या हाताला.
कान चार आण्यांपुरता उरलाय त्या बाजूचा.
"उजवीकडे इतकं ओतलं
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात मधोमध भरतं."

मग एकच घ्यायचा होतास ना, मी म्हटलं.
(मला हिशेबाची खोड आहे.)
तो सुतळी गुंडाळत राहिला.
"उजवीकडे हिल्या बसायची.
काही ना काही सांगायची.
मी आपला 'हो' म्हणायचो."
आमच्या भाषेत हिल्या म्हणजे शांत.
बाई अजिबात शांत नव्हती,
मला छतातून ऐकू यायची.

आता छतातून तबकड्या येतात.
छताला डावं-उजवं नसतं.

कधीमधी वर जाते, पाव घेऊन.
मी दारात दिसले की तो उठतो,
माझ्यासाठी ते छोटं बटण
बरोब्बर मध्यावर आणतो,
आणि आपण परत बसतो
एक बाजू रिकामी झालेल्या गाण्यात.

काल मी म्हटलं, "आर्मास, राहू दे तसंच,
मला चालेल."
पण बसले होते त्याच्या उजवीकडे.

त्याने मान हलवली, "हो" म्हणाला,
आणि उठून
बटण मधोमध केलं.