पट्टी क्रमांक ३१२

ब्रिस्टलला त्या हिवाळ्यात कोळसा मिळत नव्हता.
चौथ्या मजल्यावर आम्ही कोट घालूनच बसायचो,
आणि एनिड प्रॉसर, बोटं कापलेले हातमोजे घालून,
सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवायची
केसभर पुढे, केसभर मागे.

डोंगरावरून उतरवलेल्या काचेच्या पट्ट्या.
त्यांवर सायीसारखा थर,
थरात चांदीचे काळे दाणे.
तिचं काम एवढंच : दाणे रांगेत आहेत का, बघ.

मी साताऱ्याचा, दोन पदव्यांचा.
मला ते तांदूळ निवडण्यासारखं वाटायचं,
आणि थोडी कीवही यायची तिची. खोटं कशाला बोलू.

मार्चातला मंगळवार, चहाच्या अगोदर,
ती म्हणाली, "हा थकलाय."
कोण?
"बघा ना. आधी दाणे लांब लांब,
मग जवळ, मग अगदी खेटून.
माझे वडील गोदीतून चढ चढून यायचे,
शेवटच्या गल्लीत
अशीच पडायची त्यांची पावलं."

मी डोळा लावला.
वाट खरंच संपत होती.
आणि संपली तिथूनच
दुसरी एक, बारीक, आडवी,
कुणाला न सांगता निघून गेली होती.

डॉक्टर ट्रस्कॉट धावत आले.
त्यांना धावताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.
पाइप विझला. फळा भरला, पुसला, भरला.
हिशोब जुळेना.
एक इकडे वळला, तर तिकडेही कुणी गेलं असणार
ज्याने एका दाण्यालाही धक्का लावला नाही.

"म्हणजे न दिसणारा शोधायचा
दिसणाऱ्याच्या वळण्यावरून," एनिड म्हणाली,
आणि वहीत लिहिलं :
पट्टी ३१२, डावा कोपरा, वळण. पुन्हा पाहावे.

(पुढे निबंध छापून आला. सात नावं, सातवं माझं.
तळाशी बारीक अक्षरात : निरीक्षकांचे आभार.)

त्या दिवशी तिने विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात?
कण, मी म्हणालो.
"एवढंच? बरं झालं, रकान्यात मावेल."
मी काढून दाखवलं. तिने क ची गाठ उलटी घातली,
ण चा एक दांडा विसरली.
मी दुरुस्त केलं नाही.

मग अंड्यांची रांग चुकेल म्हणून
दिवा मालवून, डोळे चोळत
ती पार्क स्ट्रीटच्या उताराला लागली.
खिडकीतून दिसत होती बर्फातली पावलं,
लांब लांब पडलेली.