आवाज देणारी

तिकीटखिडकीच्या जागी शाळेतलं बाक.
नुग्झारची बायको वहीत नावं लिहून घेते.
तिकीट नाही, ज्याला जमेल त्यानं
डिझेलच्या बरणीत काय ते टाकावं.
खाणकामगारांच्या जुन्या सभागृहात
चार दिवस, एकसष्ट फिल्म्स.
सगळ्यात लांब एकवीस मिनिटांची,
सगळ्यात आखूड, मला शिंक आली तेवढ्यात संपली.

मी पहिल्या रांगेच्या कडेला,
मांडीवर कागद, दातांत टॉर्च, हातात माइक.
पडद्यावर अक्षरं उमटवणं परवडत नाही
म्हणून मी बोलते. बोलताना टॉर्च काढते, अर्थात.
पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून घासलेला घसा:
नवरा मी, बायको मी, फौजदार मी,
एकदा तर बोलणारा बोकडसुद्धा.
रशियन सगळ्यांना आलं तसंच मला आलं,
आर्मेनियन आईकडून.

शोघिक ग्युम्रीहून आली, तीन गाड्या बदलून,
हार्ड डिस्क लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली.
भाडं आम्ही दिलं. पलंग माझ्या घरचा.
याहून जास्त आमच्याकडे नव्हतं.

तिची फिल्म अकरा मिनिटांची.
बंद पडलेला मोज्यांचा कारखाना,
तिचा बाप तिथं रात्रीचा राखणदार.
चोरण्यासारखं काही उरलेलं नाही
तरी फेरी चुकवत नाही.
आणि महिन्यातून एकदा सात नंबरचं यंत्र चालू करतो,
गंज चढू नये म्हणून.
सुताशिवाय सुया वरखाली, वरखाली.
मग बटण बंद. पत्र्यावर तळवा ठेवून
काहीतरी पुटपुटतो.

पुढचं वाक्य अंगावर आलं होतं. मी घाईत म्हटलं,
"झोप आता."

आणि वीज गेली.

कोणी उठलं नाही. अंधारात
कोणीतरी अक्रोड फोडत राहिलं.
नुग्झार बेकरीवाल्याकडे डिझेल मागायला पळाला.
शोघिक चाचपडत शेजारी येऊन बसली:
"झोप म्हणाले नव्हते ते."
"माहीत आहे," मी म्हटलं.
माहीत नव्हतं.

पंचवीस मिनिटांनी उजेड आला
तेव्हा फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली.
आखूड असण्याचा हाच फायदा,
तीन तासांचं काही असतं तर लोक घरी गेले असते.
बाप स्वतःच्या सावलीवर टॉर्च मारतो
तिथं मघाशी सगळे हसले होते.
आता नाही हसले.

यंत्र थांबलं. मी कागद उलटा ठेवला
आणि ऐकलं.
त्सावत तानेम.
माझ्या तापलेल्या कपाळावर आई हेच म्हणायची,
तुझं दुखणं मी नेते.
आमच्या भाषेतही आहे तसं एक,
वापरून वापरून इतकं गुळगुळीत
की सुटे पैसे देणाऱ्यालाही म्हणतो.
तेच म्हटलं, पण त्याच्या चालीनं, दम घेत:
तुझी इडापिडा मला लागो.
लोखंडाला म्हणत होता तो.
मागच्या रांगेत खाणीतले म्हातारे खोकले,
पण ते नेहमीच खोकतात.

बक्षीस म्हणजे एक कॅमेरा, वर्षभरासाठी उसना.
पट्ट्यावर आधीच्या सहा जणांची नावं, बॉलपेननं.
सातवं नाव बातुमीच्या एका पोराचं लागलं.
नुग्झारनं परीक्षकांशी भांडण केलं,
मग त्या पोराला मिठी मारली,
मग शोघिकला मधाची बरणी दिली
आणि दोन संपादकांचे फोन नंबर,
त्यातला एक, पुढं कळलं, चुकीचा.

सकाळी गाडी सुटायच्या आधी ती म्हणाली,
फोनवर मी तुमचा आवाज धरून ठेवलाय,
बाबांना ऐकवते.
आठवडाभर मी कारण नसताना फोनजवळ घुटमळले.
रविवारी तिचा निरोप आला:
त्यांनी दोनदा ऐकलं. कळलं काहीच नाही.
म्हणाले, बाईंना सर्दी झालीय,
तिकडे थंडी फार दिसते,
नि पार्सल पाठवलंय.

दोन जोड. करडे.
एकाची टाच थोडी वाकडी विणलेली.