चुका

बिराजदार मॅडमनी जुनी चादर आणली,
घडीवर विरलेली. म्हणाल्या,
खुर्च्या दोन, सागवानी, आणि नक्षी हीच हवी.

मी चादर स्कॅन केली.
काठाला मोर होते, सोळा,
एकालाही डोळा नव्हता.
मी दिला. एक क्लिक, सोळा डोळे.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये मशीन रात्रभर
इकडून तिकडे जात राहिलं
धोट्यासारखं, पण बिनआवाजाचं.

सकाळी बंदेनवाज चाचा
सांगाड्यात काथ्या दाबत बसलेले, ओठांत चुका.
कापडावरून बोट फिरवलं,
उलट्या बाजूनंही, तिथं काहीच नव्हतं, पांढरं.
मग एकेक चूक ओठांतून काढून
तळहातावर ठेवली, आणि बोलले,
"हा मोर कुणाचा?"

"इरय्या बोद्दूलचा मोर आंधळा.
जेकार्डच्या पुठ्ठ्याला एक भोक पाडायचं राहिलं,
पोरीचं बारसं होतं त्या दिवशी.
मालकानं अर्धा रोज कापला,
पुठ्ठा काही बदलला नाही.
साखर पेठेत लोक डोळा बघून सांगायचे,
नाही ना? मग आपलाच माल."

मी फाइलवर फाइल चढवलेली.
उलटा क्लिक चालेना.
सोळा डोळे एकेक करून मिटवले,
दुपार गेली.

चाचांनी चुका परत ओठांत धरल्या
आणि बोटाबोटाच्या अंतरानं
लाकडात बसवल्या, एकही वाकडी नाही.

डोळस मोरांचं कापड वाया गेलं नाही.
रात्री मशीनवर टाकतो,
धूळ बसू नये म्हणून.