लाइन्समन

बेझनबागच्या मैदानावर पहाटे पाचला
ऊन अजून कुलुपात असतं.
तेवढ्यात चुना मारून घ्यायचा.
उप्पला पोतं ओढते, मी डबा हलवत चालतो.
डब्याच्या बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं
तिच्या बापाची, शहाण्णव सालची,
आइंडहोवनला जायच्या आदल्या आठवड्यातली.

एकोणीस वर्षांची पोरगी,
आणि तिच्याकडे दोन पत्रं.
एक नारिंगी जर्सीवाल्यांचं
(नारिंगी म्हटलं की इथं आधी संत्र्याचा भाव निघतो),
दुसरं दिल्लीहून: या,
पण तो पासपोर्ट तिकडेच ठेवून या.
आपला कायदा दोन देश
एका खिशात ठेवू देत नाही.

पानठेल्यावर रोज निकाल लागतो.
"आपलं रक्त हाय, आपल्याकडूनच खेळन."
"काऊन खेळन बे? तिकडं गवत हाय, इकडं गोटे."
गजभियेसर म्हणतात, प्रश्न देशप्रेमाचा आहे.
गजभियेसरांचा मुलगा टोरांटोत असतो.

उप्पला ऐकून घेते.
तिच्या मराठीत ळ नाही
पण "काऊन" आहे,
बापाच्या तोंडून जसाच्या तसा उतरलेला,
शहाण्णव सालात थांबलेला.

परवा दुपारी फॉर्म घेऊन बसलो.
बाहेर सेहेचाळीस, आत कूलरची घरघर,
ओल्या वाळ्याचा वास.
राष्ट्रीयत्व, असा रकाना.
तिचं पेन तिथं येऊन उभं राहिलं.
मीही जन्मभर फॉर्म भरले.
माझं पेन अडायचं ते दुसऱ्याच रकान्याशी,
आणि तिथं निवडायला काही नसायचं.
हे तिला सांगितलं नाही.

खेमा दारात उभी होती,
माझी पोरगी, मिहानच्या गोदामातली रात्रपाळी करून
झोप न लागलेली.
खेमा लेफ्ट विंगला खेळायची, दहावीपर्यंत.
अशी वळायची
की मी झेंडा वर करायचं विसरायचो.
तिला कुणी विचारलं नाही, कोणत्या देशाकडून.
विचारलं ते एवढंच,
की दिवेलागणीनंतर मैदानावर काय काम.
विचारणारा मीच.

तिनं फॉर्म उलटापालटा करून पाहिला.
"दोन हायेत तं एक मले दे," म्हणाली,
हसली, चहा ठेवायला आत गेली.
उप्पला हसली नाही.

रात्री गच्चीवर तिनं विचारलं,
काका, रेघ कुणाची असते? आतल्यांची की बाहेरच्यांची?
तीस वर्षं रेल्वेच्या लीगमध्ये
मी रेघेला लागून पळालो.
म्हटलं, रेघ मैदानाची.
बॉल रेघेवर असला तर आतच धरतात.
अख्खा पलीकडे गेल्याशिवाय
बाहेर म्हणत नाहीत.
नियमात इतकंच आहे.
बाकीचं मला येत नाही.

आज मधलं वर्तुळ राहिलं होतं.
त्याला दोन माणसं लागतात,
एक खिळा धरायला, एक दोरी फिरवायला.
मी वाकणार, तोच खेमा फाटकातून आली,
गळ्यात कंपनीचं कार्ड, खांद्याला डबा,
आणि न बोलता खिळ्यापाशी बसली.
उप्पला दोरी ताणून उलट्या पावलांनी फिरली.
जुळताना चार बोटं चुकलं.
"चालते," खेमा म्हणाली.

पाकीट माझ्या सायकलच्या कॅरियरला आहे.
तिनंच डिंकानं चिकटवलं,
पत्ता आतल्या बाजूला करून लावलं.
पोस्ट दहाला उघडतं.

खेमानं चपला काढल्या.
कार्ड पाठीवर टाकलं.
"टाक," म्हणाली.
उप्पलानं टाकला, जरा जोरातच,
आणि दोघी डावीकडून निघाल्या
ओल्या चुन्यावरून, रेघ फरफटवत.

मी झेंडा घरीच विसरलो होतो.