तिसरा रकाना

ब्रॉय नदीच्या सपाटीवर तंबाखू वाळवायची लाकडी कोठारं.
फळ्यांच्या फटींतून वारा शिरतो, पानं एकमेकांना घासतात,
आणि वर, आढ्याला ठोकलेल्या पेटीत
कुणीतरी घोरतं.

योलांद क्रोझा. वय त्र्याहत्तर.
तीस वर्षं टपाल वाटलं, आता आवाज टिपते.
विद्यापीठातल्या मुलानं पेटीत मायक्रोफोन बसवला,
वायर अंगणातून थेट तिच्या खिडकीत आणली,
हेडफोन दिले आणि रकाने आखलेली वही:
वेळ, आवाज, अर्थ.
आठवडाभर तिसरा रकाना कोराच राहिला.

इथल्या बोलीत या पाखराचं नाव ‘भेडसावणारी’.
सासऱ्याच्या बापानं एक मारून दारावर खिळली होती,
पंख ताणून, वीज पडू नये म्हणून.
खिळ्यांची भोकं अजून आहेत.
त्यातलं एक कुंभारमाशीनं लिंपून घेतलंय.

मे महिन्यात नर ओरडला.
म्हणजे जाड, जुनी चादर कुणी अंधारात
मधोमध टरकावली.
योलांदनं लिहिलं: २२.४०. हे माझं आहे.
मग त्याच्यापुढे: आणि तू ये.
दोन्ही एका श्वासात कसं म्हणता येतं
ते गास्तोंनं दाखवलं होतं, गावजत्रेतल्या नाचात,
तिच्या कोटावर स्वतःचा कोट टांगून.

मादी पिल्लांना भरवते तेव्हा किलबिलते,
चोरट्यासारखी, भरभर,
एवढ्या मोठ्या पाखराला न शोभणारं.
एका रात्री उदमांजरासारखं काहीतरी खांबावर चढलं
आणि पाच पिल्लांचा मिळून
एक साप झाला.
योलांदनं हेडफोन भिरकावले.
अर्थ लिहायची गरज पडली नाही.

पण सगळ्यात जास्त ती ऐकते ते मधलं,
बाप शिकारीला गेल्यावरचं.
एक पिल्लू घोरतं, थांबतं. दुसरं घोरतं, लांबवतं.
पहिलं थोडं आखूड करतं.
‘भांडत नाहीत,’ मुलगा म्हणाला,
‘उंदीर यायच्या आधीच ठरवतात कुणाची पाळी.
ज्याची भूक मोठी त्याचा आवाज लांब.
बाकीचे ऐकतात, आणि गप्प होतात.’
योलांद इतकी हसली की मुलगा ओशाळला.
त्याला काय माहीत, पायेर्नच्या नोटरीकडे
तिचे दोन्ही लेक एकदम बोलत होते,
कोठाराबद्दल,
आणि ती मधल्या खुर्चीत.

एकोणीस जुलै. नर आला नाही.
वीस जुलै, नाही.
एकविसाव्याला मोटरवेवर गवत कापणारा दुआर्ते
एक पीस घेऊन आला, दुधात लोणी विरघळावं त्या रंगाचं,
कडेला मऊ झालर,
म्हणूनच उडताना त्याचा आवाज कधी वहीत आला नव्हता.
तिनं ते वहीत ठेवलं. रकाना सुचला नाही.

त्या रात्री मादी एकटीच जात-येत राहिली.
पिल्लं घोरत होती, सगळ्यांचंच लांब,
कुणीच आखूड करेना.
तीन वाजून दहा मिनिटांनी पेटीवर नख्या वाजल्या.
एक शेतउंदीर असावा, एकच.
थोरल्याचा आवाज जवळ आला, मायक्रोफोनलगत,
थांबला.
मग काहीतरी ओढत नेल्याचं,
आणि पार कोपऱ्यातून, जिथं धाकटं बसतं,
गिळल्याचं.
योलांदनं पेन्सिल उचलली, टोक तुटलेलं होतं.

पहाटे कधीतरी तिचा डोळा लागला, हेडफोन तसेच.
उजव्या बाजूला कुणीतरी घोरत होतं,
दर श्वासाच्या शेवटी तीच शिट्टी.
झोपेतच तिनं कोपर मारलं.
चादर गार.
घोरणं क्षणभर थांबलं,
कसं कोण जाणे,
आणि पुन्हा सुरू झालं.