अंगठीतून शाल

एकाहत्तरावा वाढदिवस.
आई म्हणाली, फुलं नकोत, पाहुणे नकोत,
तार्मो दरवर्षी पाठवतो तसलं
विजेवर चालणारं काही तर मुळीच नको.
कुठंतरी जाऊ, आणि अंधाराच्या आत परत येऊ,
मांजराला खायला कोण घालणार?

म्हणून हापसालू.
तालिनहून बसने पावणेदोन तास.
मार्चचा शेवट, दोन्ही बाजूंना बर्चची झाडं,
त्यांच्या पायथ्याशी म्हाताऱ्या कुत्र्यासारखा
पडून राहिलेला मळकट बर्फ.
बस शहराबाहेर पडायच्या आधीच
आईने पिशवीतून उकडलेली अंडी काढली.
"प्रवास आहे ना," म्हणाली,
जणू मी काही विचारलं होतं.

हापसालूला स्टेशन आहे, गाडी नाही.
झारच्या घरच्यांचे पाय भिजू नयेत म्हणून बांधला म्हणतात
तो छपराचा फलाट,
संपता संपत नाही.
शेवटची गाडी इथून गेली
तेव्हा मी नववीत होते.
आई फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेली,
मनगटावरचं घड्याळ पाहिलं,
रिकाम्या रुळांकडे मान लांब केली.
"उशिरा आहे वाटतं."
आणि एवढी हसली
की कवळीला हात लावावा लागला.

गाव उन्हाळ्याचं. आम्ही अवेळी आलेलो.
बाकं उलटी घालून ठेवलेली,
आइस्क्रीमच्या टपरीला ताडपत्री,
लाकडी घरं फिकट पिवळी, फिकट निळी,
खिडक्यांत चिनीमातीची कुत्री
रस्त्याकडे डोळे लावून.
समुद्र मधे अजून गोठलेला, काठाशी फुटलेला,
त्या फटीत दोन हंस,
आपापल्या बाजूला तोंड करून.

एकच कॅफे उघडा. क्रिंगेल सकाळीच संपला होता.
मालकिणीने माशांचं सूप आणलं,
वाढदिवस आहे कळल्यावर
टेबलावरचीच जाड मेणबत्ती पुढे सरकवली:
"फुंका, हीच फुंका."
आईने फुंकली.
मालकिणीने लगेच काडी ओढून परत पेटवली,
पुढच्या गिऱ्हाइकासाठी.

मग ते शालींचं दुकान.
पांढरी लोकर, विणीत घंटेच्या आकाराची बारीक फुलं,
काउंटरमागे केर्तू नावाची पोरगी, नाकात खडा.
म्हणाली, खरी हापसालूची शाल
अंगठीतून जाते.
"बघू," आई म्हणाली,
आणि उजवा हात पुढे केला.

अंगठी हलेना.
सांध्याशी अडली. अठ्ठेचाळीस वर्षं
बोट तिच्याभोवती जाड होत गेलेलं.
केर्तूने हाताला लावायचं क्रीम आणलं.
मी म्हटलं, राहू दे ना, दुसरी कुठली घ्या.
आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
दात आवळून ती पिळत राहिली,
बरणीचं झाकण उघडावं तशी.

निघाली.

शाल गेली. आधी एक टोक,
मग सगळीच्या सगळी, धूर जावा तशी,
आणि पलीकडे पुन्हा उमलली काउंटरभर.
आई किती वेळ बघत होती.
मग किंमत विचारली,
"महाग आहे," म्हणाली,
शाल स्वतः घडी घालून परत दिली.
अंगठी नाण्यांच्या पाकिटात टाकली.

बाबा तुर्कूला गेले ते सहा महिन्यांच्या बांधकामाला.
तेव्हा मी नववीत होते.

परतीच्या बसला आईने तिकिटासाठी
ड्रायव्हरच्या तळहातावर चिल्लर ओतली.
त्याने मोजली, दोन बोटांत अंगठी उचलली:
"हे नको."
"मलाही," असं आई म्हणाली नाही.
घेतली, पाकिटात टाकली,
खिडकीकडची जागा धरली.

सगळ्या वाटेत बोटावरचा तो
उन्हं न पाहिलेला पांढरा पट्टा
ती अंगठ्याने चोळत होती.
रिस्तीच्या आसपास झोपली, तोंड उघडं टाकून.
शेवटचं अंडं मी खाल्लं.

दार उघडलं तर मुरी ओरडत उभी.
"आले गं बाई, आले," आई म्हणाली,
आणि बूटही न काढता
तिची ताटली शोधू लागली.