दोन शतांश

पहिले सव्वीस दिवस नुसती कानस.
साबणाच्या वडीएवढा लोखंडाचा तुकडा
व्हाइसमध्ये आवळलेला, आणि मी.
पुढं नेताना दाब, मागं आणताना हलकी,
पुढं दाब, मागं हलकी.
काझी सर टेबलामागून म्हणायचे,
'कंगवा नै फिरवायचा बेटा, लोखंड आहे ते.'

मग गुण्या लावून तुकडा खिडकीकडं धरायचा.
पात्याखालून उजेड दिसला की नापास.
मला रोज दिसायचा.
लोक उजेड दिसावा म्हणून काय काय करतात,
मी महिनाभर
तो बुजवत होते.

जालन्याच्या आयटीआयत, फिटरच्या हजेरीत
माझं नाव सोळंके कालिंदा.
सोळंके म्हटलं की पोरं विचारतात, गावाकडं शेती किती?
मी सांगते, ऐरण एक, भाता एक,
आणि वाटूर फाट्यावर लिंबाखालची जागा,
सडक रुंद होईपर्यंत.

दिवाळीनंतर वेल्डिंगचा बूथ मिळाला, पडद्याआडचा.
काळी काच खाली केली की सगळं जातं,
सर, पोरं, भिंतीवरचा सुरक्षेचा तक्ता.
रॉड टेकवला, चिकटला.
झटकून सोडवला, पुन्हा टेकवला, चिकटला.
असा एक आठवडा.
मग एका शुक्रवारी, लाइट जायच्या जरा आधी,
टेकला आणि उचलला गेला.
मधे तीन मिलिमीटर हवा, तेवढीच,
आणि काचेतून दिसलं
पातळ झालेलं लोखंड,
कढईतल्या काकवीसारखं हलणारं.
आवाज भजी तळल्याचा आला पाहिजे, सर म्हणाले होते.
आला.
बारा सेंटिमीटर तळले मी.
निवल्यावर वरची खपली ठोकून काढली,
खाली शिवण निघाली
बैल बुजल्यावर तास जावं तशी.

त्या रात्री डोळ्यांत वाळू.
एकदाच काच वर करून बघितलं होतं,
सरांना सांगू नका.
मायनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या डोळ्यांवर.
म्हणाली, 'आगीकडं बघावं,
तिच्या डोळ्यात बघू नये.'

माय घण मारते. माझ्या जन्माआधीपासून.
बाप सांडशीत धरायचा, आता धाकटा धरतो.
तिच्याजवळ टेप नाही, पट्टी नाही.
जाडी किती ठेवतीस, विचारलं
तर अंगठ्याचं नख दाखवते.
'दोन सूत. जरासं कमी.'

हे जरासं आमच्या पुस्तकात नाही.
पुस्तकात आहे व्हर्नियरचं लघुतम माप,
दोन शतांश मिलिमीटर.
वर्गात मी माझा केस मोजला होता,
सहा शतांश भरला.

शनिवारी व्हर्नियर मागितला.
सरांनी मखमलीच्या पेटीसकट दिला,
'पडला तर पहिले मला सांग,
रडायचं नंतर.'

गोणपाटावर दहा खुरपी होती, बाजारची.
मी एकेकीचा देठ जबड्यात धरून
वहीत लिहीत गेले.
सहा पॉइंट दोन.
सहा पॉइंट एक आठ.
सहा पॉइंट दोन.
सहा पॉइंट दोन दोन.
दोन सूत म्हणजे सहा पॉइंट तीन पाच.
वजाबाकी केली, पुन्हा केली.
जरासं म्हणजे
पंधरा शतांश.
इतकी वर्षं ती हेच म्हणत होती,
आणि मला वाटायचं, अंदाजे बोलते.

नववं मात्र चार पॉइंट सहा.
मी म्हटलं, माये, हे चुकलं बघ.
तिनं वर न बघता कोळसा सारला.
'चुकलं कशाचं?
त्यो पैशे कमी करू लागला,
मी लोखंड कमी केलं.'

वहीत शेवटी एक रकाना असतो, शेरा.
नऊ नंबरपुढं तो मोकळा आहे.
सोमवारी वही दाखवायचीय.